बचावफळीतल्या मुलींना पूर्ण हंगाम द्या: ठाणे आणि नवी मुंबईतील फुटबॉल क्लबांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील फुटबॉल क्लबांचे व अकादम्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांस

विषय: महिला संघांतील बचावपटूंची क्लब-कारकीर्द

सप्रेम नमस्कार,

मी ऐरोलीत राहते. माझी मुलगी एकोणीस वर्षांची असून स्टॉपर बॅक म्हणून, म्हणजे गोलसमोर बचावफळीच्या मध्यभागी, खेळते. वयाच्या नवव्या वर्षापासून ती मैदानावर आहे. गेल्या सहा वर्षांत तिने चार क्लबांच्या जर्सी घातल्या आणि त्या चारांपैकी एकाही क्लबकडून तिला एक सबंध हंगाम, म्हणजे पहिल्या सरावापासून शेवटच्या सामन्यापर्यंत, खेळायला मिळाला नाही. हे पत्र मी तिच्या निमित्ताने लिहीत असले, तरी दर रविवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये खांद्यावर किट घेऊन भेटणाऱ्या तिच्यासारख्या दहा-बारा मुली लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कोणत्याही क्लबचे नाव मी येथे घेणार नाही, कारण जे आमच्या वाट्याला आले ते थोड्याफार फरकाने सगळीकडे घडते, आणि या पत्रातून मला कोणाशी भांडण काढायचे नसून काही गोष्टी आपल्याकडून मागून घ्यायच्या आहेत.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आम्ही दोघी तो पाहायला गेलो होतो. स्पेन आणि कोलंबिया यांच्यातला तो सामना ८२व्या मिनिटापर्यंत गोलशून्य होता, आणि मग कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान हिच्याच स्पर्शाने चेंडू तिच्या स्वतःच्या जाळ्यात गेला. स्पेनने विश्वचषक जिंकला. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आजूबाजूचे प्रेक्षक स्पेनच्या मुलींचा जल्लोष पाहत होते आणि ही मात्र शेवटपर्यंत त्या एकाच मुलीकडे पाहत राहिली. घरी येताना ती मला म्हणाली, "आई, तिने अख्खी स्पर्धा चांगली काढली गं. आता सगळ्यांना एवढंच आठवणार." पुढे २०२३ च्या जानेवारीत जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने याच गुझमानला करारबद्ध केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरी सण असल्यासारखा आनंद झाला होता. ज्यांनी तिला निवडले, त्यांनी त्या एका मिनिटापलीकडचे तिचे सगळे मिनिटे मोजले असणार, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. बचावपटूचे मिनिटे मोजणारे असे कोणी आपल्या भागात आहे का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आपण सर्व या खेळातले जाणकार आहात. तरीही मैदानाच्या कडेला बसून दहा वर्षांत जे मला कळले ते सांगते. आघाडीला खेळणारी मुलगी अनोळखी संघातही एखादी संधी साधून नाव कमावू शकते. स्टॉपर बॅकला ते शक्य नसते. तिचा खेळ शेजारच्या स्टॉपरवर, दोन्ही बाजूंच्या बॅकवर आणि पाठीमागच्या गोलरक्षक मुलीवर अवलंबून असतो. माझ्या मुलीच्या आयुष्यातले सर्वांत चांगले चार महिने घणसोलीच्या एका मुलीबरोबर गेले. ही उजवीकडे, ती डावीकडे. सुरुवातीला दोघी एकाच चेंडूवर धावायच्या, एकमेकींवर आदळायच्या, किंवा दोघीही "तुझा, तुझा" म्हणत थांबायच्या आणि मधून चेंडू निघून जायचा. तिसऱ्या महिन्यात त्यांचे बोलणे दोन शब्दांवर आले. "चढ" म्हटले की चारही जणी एका दमात चार पावले पुढे सरकायच्या आणि समोरची स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये, म्हणजे नियमबाह्य रीतीने बचावफळीच्या पलीकडे, सापडायची. "सोड" म्हटले की एक मागे हटायची आणि दुसरी तिची जागा धरायची. शेवटच्या दोन सामन्यांत तर ते शब्दही कानावर येईनासे झाले. एकीने खांदा वळवला की दुसरी हलत होती. ती स्पर्धा संपली आणि पुढच्या आठवड्यात व्यवस्थापकांचा निरोप आला की महिला संघ सध्या बंद ठेवत आहोत, पुढची स्पर्धा जाहीर झाली की कळवू. पुढची स्पर्धा सात महिन्यांनी आली, तोपर्यंत घणसोलीची ती मुलगी कॉलेजच्या परीक्षा आणि दुकानातली नोकरी यांत अडकली होती. आज ती खेळत नाही.

आपल्याकडे महिला संघ स्पर्धेपुरता जमवला जातो, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. रात्री पावणेअकराला मोबाइलवर निरोप येतो की उद्या सकाळी सात वाजता रिपोर्टिंग आहे, स्टड आणि शिन गार्ड घेऊन या, आणि मग ज्या चार मुलींनी एकत्र एकही सराव केलेला नाही त्या बचावफळी म्हणून उभ्या राहतात. ट्रायलचेही तसेच. गेल्या वर्षी एका ट्रायलमध्ये तिला वीस मिनिटांच्या सामन्यात तपासले गेले. तिच्या शेजारी स्टॉपर म्हणून उभ्या असलेल्या मुलीचे नावही तिला ठाऊक नव्हते, ती छातीवरचा नंबर वाचून तिला हाक मारत होती. त्या वीस मिनिटांत तिच्या बाजूने एकही गोल झाला नाही, आणि निवड झाली ती दोन गोल करणाऱ्या मुलीची. त्या मुलीची निवड योग्यच होती, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझे म्हणणे इतकेच की बचावपटूला तपासायची ती पद्धत नव्हे.

सराव कोठे होतो, हेही पाहायला हवे. आपल्या शहरांत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची छोटी मैदाने, गल्लोगल्ली झाले. मुलींना संध्याकाळी दिव्यांखाली सुरक्षित खेळता येते, ही त्यांची मोठी सोय आहे आणि तिचे मोल मी जाणते. पण टर्फवरच्या पाच-पाच जणांच्या खेळात ऑफसाइड नसतो, चाळीस मीटरवरून येणारा उंच चेंडू नसतो, चौघींची रेषाही नसते. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्या रुंदीत स्वतःच्या आणि शेजारणीच्या मध्ये किती अंतर ठेवायचे, याचा अंदाज पूर्ण मैदानावर महिनोन्‌महिने उभे राहिल्याशिवाय येत नाही. मोठे मैदान मिळाले की ते आधी मुलांच्या वयोगटांना जाते आणि मुलींना उरलेली वेळ मिळते, हे आपण नाकारणार नाही, अशी माझी खात्री आहे. आठवड्यातून एक दिवस, दीड तास, पूर्ण मैदान, तेही वर्षभर: एवढे जरी मुलींच्या नावाने राखून ठेवले, तरी बचावफळीच्या खेळात पडलेला फरक आपल्याला स्वतःच दिसेल.

जगातल्या मोठ्या बचावपटूंच्या कारकिर्दी मी मुलीमुळे वाचू लागले. फ्रान्सची वेंडी रेनार मार्टिनिक बेटावरून आली. क्लेअरफोंतेनच्या राष्ट्रीय केंद्रात तिची निवड झाली नाही, मग लिआँ क्लबने तिला घेतले. २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती त्या क्लबमध्ये दाखल झाली आणि पुढची जवळपास दोन दशके त्याच क्लबकडून खेळत तिने आठ वेळा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. इंग्लंडच्या ल्युसी ब्रॉन्झची वाट नेमकी उलटी आहे. लहानपणी ती मुलांच्या संघातून खेळायची; बारा वर्षांची झाल्यावर तिथल्या नियमामुळे ते थांबले आणि मुलींचा संघ शोधत फिरावे लागले. पुढे संडरलँड, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, लिआँ, पुन्हा मँचेस्टर सिटी, बार्सिलोना आणि चेल्सी असा तिचा प्रवास झाला, आणि २०२० मध्ये फिफाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बचावपटू ठरली. एकीने क्लब बदलला नाही, दुसरीने अनेक बदलले. पण दोघींनाही प्रत्येक ठिकाणी हंगाम मिळाले, ठरलेले सामने मिळाले, आणि एका क्लबमधून दुसरीकडे जाताना आपण कशासाठी जातो आहोत हे त्यांना माहीत होते. माझ्या मुलीनेही चार क्लब बदलले. दर वेळी कारण एकच होते: आधीच्या क्लबचा संघच उरला नव्हता.

फार लांबचे उदाहरण नको असेल तर मणिपूरच्या आशालता देवी यांचे घ्या. त्या बचावपटू आहेत, त्यांनी भारताचे नेतृत्व केले आहे, आणि १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू आहेत. मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबपासून सेथू, गोकुलम केरळ आणि ईस्ट बंगालपर्यंत त्यांची क्लब-कारकीर्द पसरलेली आहे. यांतला एकही क्लब महाराष्ट्रातला नाही, हे मला दर वेळी टोचते. इंडियन विमेन्स लीग ही देशातल्या महिला क्लबांची लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. सुरुवातीची वर्षे ती काही आठवड्यांत, बहुतांशी एकाच गावी उरकली जायची. त्या काळात आपल्या राज्यातून इंडिया रश, कोल्हापूर सिटी, पिफा, मुंबई नाइट्स असे संघ वेगवेगळ्या वर्षी तिथे खेळून आले. २०२३-२४ मध्ये घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने झाले, म्हणजे बचावपटूला हवा तसा खराखुरा हंगाम पहिल्यांदा उभा राहिला, आणि नेमक्या त्या हंगामात व त्याच्या पुढच्या २०२४-२५ च्या हंगामातही महाराष्ट्राचा एकही संघ त्या लीगमध्ये नव्हता. बंगाल, ओडिशा, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, दिल्ली या राज्यांचे संघ होते. ज्या नेरूळमध्ये २०२२ च्या एकाच वर्षात महिलांच्या आशिया चषकाचा आणि मुलींच्या विश्वचषकाचा असे दोन्ही अंतिम सामने झाले, त्या नेरूळपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर राहणाऱ्या मुलीला देशाच्या लीगमध्ये खेळायचे असेल तर घर सोडून दुसऱ्या राज्यात जावे लागते.

जायला हरकत नाही, आमची तयारी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये या लीगमधल्या क्लबांनी किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपये द्यावेत असे ठरवण्याकडे पाऊल टाकले, म्हणजे महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. मुलीच्या खेळण्याला आजवर "हौस" म्हणणारे नातेवाईक त्या आकड्यानंतर वेगळ्या स्वरात बोलू लागतात, हे मी पाहिले आहे. पण तिथवर पोहोचायचे तर आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात, आणि त्या दोन्हींना पैसा फारसा लागत नाही.

पहिली गोष्ट कागदाची. फिफाच्या नियमांनुसार ज्या खेळाडूशी लेखी करार झालेला आहे आणि जिला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक मोबदला मिळतो, ती व्यावसायिक, बाकीच्या हौशी. आपल्या भागातल्या जवळजवळ सगळ्या मुली हौशी आहेत, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण क्लबांकडेही पैसा नाही. मात्र करार नसला तरी नोंदणी असते. माझी मुलगी सतरा वर्षांची असताना एका क्लबने तिची महासंघाच्या नोंदणी प्रणालीत नोंद केली, फोटो आणि आधार कार्ड घेतले, आणि त्या वर्षी महिला संघ उतरवलाच नाही. दुसऱ्या क्लबने तिला बोलावले तेव्हा आधीच्या क्लबची एनओसी, म्हणजे तिला सोडायला हरकत नसल्याचे पत्र, हवी होती. मी अकरा वेळा फोन केला, दोनदा प्रत्यक्ष जाऊन आले. "सर बाहेरगावी आहेत", "पुढच्या आठवड्यात बघू", अशी उत्तरे मिळत गेली आणि ट्रान्सफरची मुदत उलटून गेली. तो हंगाम तिने इमारतीच्या गच्चीवर भिंतीला चेंडू मारत काढला. कोणी तिचे वाईट चिंतले नव्हते, हे मला पक्के माहीत आहे. तो कागद कोणाला महत्त्वाचा वाटला नाही, इतकेच. पण सतरावे वर्ष तिला परत मिळणार नाही.

खेळाडूचा काही दोष नसताना कारभारातल्या गोंधळामुळे तिचे काय होते, हे याच देशाने फार मोठ्या पातळीवर पाहिले आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचला होता. त्याच वेळी फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केले आणि त्या मुली ताश्कंदमध्ये असूनही एकही सामना न खेळता परतल्या. निलंबन त्याच महिन्याच्या अखेरीस उठले, स्पर्धा मात्र हातची गेली. म्हणून माझी विनंती अशी की नोंदणी करताना एका पानाचा, मराठीत लिहिलेला कागद पालकांच्या हाती द्यावा. या हंगामात महिला संघ कोणत्या स्पर्धेत उतरणार, सराव कोणत्या दिवशी, प्रवासखर्च कोणाचा, दुखापत झाली तर उपचाराचे काय, आणि संघ उतरवला गेला नाही तर किती दिवसांत एनओसी मिळेल, हे त्यावर असावे. खाली क्लबची सही आणि आमची सही.

दुखापतीचा उल्लेख केला त्याचे कारण गुडघा. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक असते, आणि वळून धावणे, अचानक थांबणे, उडी मारून एका पायावर उतरणे ही तर बचावपटूची रोजची कामे. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. फिफाने तयार केलेला '११+' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. तो नियमित केल्यास दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेले आहे, आणि त्याला मैदान व चेंडू यांखेरीज काही लागत नाही. फिजिओ परवडत नसेल तर हा वॉर्म-अप तरी प्रत्येक सरावाआधी सक्तीचा करावा.

दुसरी गोष्ट चित्रीकरणाची, आणि तिच्यासाठीच मी खरे तर लिहायला बसले. बाहेरच्या राज्यांतले क्लब आता ट्रायलआधी व्हिडिओ मागतात. गोल करणाऱ्या मुलीचे काम सोपे असते. तिचे वडील कडेला उभे राहून मोबाइलवर वीस सेकंदांची चित्रफीत काढतात, त्यात सारे दिसते. माझ्या यजमानांनीही तसेच केले. मागच्या पावसाळ्याआधीच्या एका सामन्यात मुलीने समोरच्या संघाच्या फार वेगवान विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या मुलीला, नव्वद मिनिटे एकदाही आत येऊ दिले नाही. रात्री आम्ही तिघे ते तुकडे पाहत बसलो. एकातही तिने टॅकल केलेला नव्हता, चेंडूसुद्धा क्वचित तिच्या पायाशी होता. ती फक्त योग्य वेळी योग्य जागी दोन पावले सरकून उभी होती, आणि विंगर दर वेळी चेंडू मागे खेळत होती. वीस सेकंदांच्या तुकड्यात ते दिसत नाही. त्यासाठी उंचावरून, एका जागेवरून, पूर्ण मैदान दिसेल असा नव्वद मिनिटांचा अखंड व्हिडिओ लागतो. तो कोणाकडेही नाही. आपल्या भागातल्या मुलींच्या सामन्यांची गोलांची नोंद तेवढी राहते, आणि गोल न झाल्याची नोंद कोठेच राहत नाही.

चित्रीकरणाचा भार क्लबांवर टाकायचा नाही, असे आम्ही पाच-सहा पालकांनी आपसांत ठरवले आहे. एक जुना पण चांगला कॅमेरा आणि उंच तिवई आमच्यापैकी एकाकडे आहे, कॅमेऱ्यामागे आळीपाळीने आम्ही उभे राहू. समोरच्या संघाच्या मुलींनाही तोच व्हिडिओ देऊ, कारण त्यांच्यातही कोणी स्टॉपर बॅक असेल. मुली अल्पवयीन असतील तर त्यांच्या पालकांची लेखी परवानगी आधी घेऊ आणि व्हिडिओ संबंधित क्लब व खेळाडू यांच्यापलीकडे जाऊ देणार नाही. आपल्याकडून आम्हाला तीनच गोष्टी लागतील: मैदानाच्या मध्यरेषेजवळ तिवई उभी करायला जागा, दोन्ही संघांच्या मुलींची नावे आणि जर्सीचे नंबर लिहिलेला कागद, आणि सामन्याचा दिवस व वेळ किमान आठवडाभर आधी.

आपली नम्र,
एका स्टॉपर बॅकची आई
ऐरोली, नवी मुंबई